पाच माणसांमागं एक खुर्ची

टीव्हीवर लोकसभेच्या जागा वाढवण्यावरून चौघे जण एकमेकांवर ओरडत होते आणि आकारामआबा हातातला घास हातातच धरून ऐकत होते. माणसं वाढली, मग खासदार का वाढू नयेत, असा एकाचा सवाल होता. आबांना तो माणूस एकदम पटला.

"बने, आपली पाइपलाइन झाली बघ!"

"कुनी दिली? दिल्लीनं?" बनुबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

विट्याजवळच्या त्यांच्या भावकीत आजोबांपासूनचा नियम होता. सामाईक विहिरीचं काहीही ठरवायचं तर तीन घरांच्या तीन खुर्च्या मांडायच्या. दोन हात वर झाले की ठरलं. आबांना विहिरीवरून वरच्या रानात पाइप न्यायचा होता. तो चुलतभाऊ नानासोच्या हळदीतून जाणार, म्हणून नानासोचा हात खाली. दुसरा चुलतभाऊ गुंडा आधी नानासोच्या हाताकडं बघायचा आणि मगच आपला हलवायचा. दोन वर्षं हेच चाललं होतं. तोवर सत्तरीचे आबा खोरं घेऊन पाटाच्या पाण्याला दारं धरत, वाफ्यावाफ्यात पाणी वळवत होते, आणि पाट फुटला की बनुबाई पदर खोचून धावत होत्या.

आबा त्याच दिवशी विट्याला जाऊन दोन लाल खुर्च्या घेऊन आले आणि बैठकीत आपल्या खुर्चीशेजारी मांडून बसले.

"ह्ये काय? लगीन हाय का कुनाचं?" गुंडानं विचारलं.

"पाच मानसांमागं एक खुर्ची," आबांनी जाहीर केलं. "माजी पंधरा, म्हंजे तीन. तुमची पाच-पाच, तुमाला एकेक. सारा देश आता ह्येच करनार हाय."

नानासोचे कान लाल झाले. "सरकार म्हनलं दोनच बास, म्या दोनावर थांबलो. जीपगाडीत बसून आप्रेशनला गेलो. तू आलतास का? आन आता माजा आवाज कमी, तुजा जादा? ह्यो कुठला न्याय रं?"

हे आबांना लागलं. पण पाइप डोळ्यांपुढून हलेना. "मग पंधरा मानसांचं एकच त्वांड, ह्यो तरी न्याय हाय व्हय?"

"दोगांचं बी बराबर हाय की," गुंडा म्हणाला, आणि दोघांनीही त्याच्याकडं रागानं पाहिलं.

नानासोची सून साक्षी चहा घेऊन आली होती. ती शाळेत मास्तरीण, शिवाय जनगणनेच्या कामाला नेमलेली. कपबश्या ठेवून ती म्हणाली, "आबा, मोजा की. पर नियमानं मोजा. मानूस ऱ्हातो तिथंच मोजायचा. आमाला ट्रेनिंगात तसंच सांगितलंय."

"मोज! आमी काय भितो व्हय?"

"तुमचं थोरलं, वीरधवलभावजी?"

"लखनौला. सोनं गाळायचं दुकान हाय."

"घरची पाच मानसं?"

"तिकडंच."

"मग ती लखनौला मोजायची. विश्वजीतभावजी?"

"कोइमतूरला. पाच." आबांचा आवाज जरा उतरला.

"आन शिवतेजभावजी?"

"फौजंत. बायको-पोरगं संगं हायती, क्वार्टरवर."

"म्हंजे तीन ग्येली." साक्षी हळू आवाजात म्हणाली. "आबा, मग तुमी आन आजी. दोनच."

पाच माणसांमागं एक, तर दोनामागं किती? गुंडा बोटं मोजायला लागला आणि मध्येच त्यानं मूठ मिटली. आबा मात्र उभे राहिले. त्यांच्याच नियमानं त्यांना बसायला एकही खुर्ची राहिली नव्हती. लाज वाटलीच, पण त्याहून वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. गावात, बाजारात, पाहुण्यारावळ्यांत 'आमच्या घरात पंधरा मानसं' असं ते किती वर्षं छाती काढून सांगत होते.

"बस रं खाली," नानासो म्हणाला. "लय श्याना हाईस. तुज्या घरात दोनच मानसं दारं धरत्यात, आन मी पंधरा समजून भांडत बसलो. हळद निघाली की घाल तुजा पाइप." त्यानं हात वर केला. गुंडाचा त्याच्याही आधी वर गेला होता.

आबा दोन्ही खुर्च्या डोक्यावर घेऊन घरी आले.

"पाइपाचं काय झालं?" बनुबाईंनी विचारलं.

"मिळाला."

"मग त्वांड का असं पडलंय?"

आबांनी खुर्च्या बाहेरच्या सोप्यात मांडल्या आणि लखनौला फोन लावला.

"वीरू, तिकडं मोजनीला येनार हायती म्हनं. त्या टायमाला घराला कुलूप घाल आन समद्यास्नी घिऊन हिकडं ये. त्या दोगास्नी बी सांग."

"आवं आबा, मोजनीत काय हाय एवढं?"

आबांनी सोप्यातल्या लाल खुर्च्यांकडं पाहिलं.

"काय न्हाई रं. खुर्च्या आनून ठेवल्यात. बसायला कोन न्हाई."