सूर्यभान सर आणि दोन बादल्या पाणी

शेंद्र्याच्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या सूर्यभान सरांना वळवळणाऱ्या प्रत्येक गोष्टीची धास्ती होती. (ताटातल्या शेवयांशीसुद्धा ते जरा जपूनच वागत.) तरी शाळांच्या केंद्राच्या बैठकीत केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, "आनंददायी शनिवारी पोरांना गांडूळ हसतखेळत शिकवायचं. पण त्याला हिंमत लागते बरं का!" आणि हिंमत म्हटल्याबरोबर सरांचा हात वर गेला.

मेव्हण्यानं, केरबानं, पैठणहून जिवंत गांडुळांसकट गांडूळखताची गोणी एसटीनं पाठवून दिली. शुक्रवारी संध्याकाळी सरांनी ती नाकाला रुमाल लावून शहरातल्या घरी आणली आणि बाथरूममध्ये ठेवली. गांडुळांना ओलावा लागतो, एवढं त्यांनी वाचलं होतं. किती लागतो, ते वाचायचं राहिलं होतं. त्यांनी गोणीत दोन बादल्या पाणी ओतलं.

शनिवारी सकाळी सर आंघोळीला बसले. तोंडाला फेस, डोळे मिटलेले, तेवढ्यात साबण हातातून निसटला. त्यांनी चाचपडून तो उचलला, तर साबणानं बोटाला वेटोळं घातलं!

सरांची आरोळी ऐकून शेजारचे काकासाहेब काठी घेऊन धावत आले. सर टॉवेल धरून दारात उभे.

"केवढा हाय, सर?"

"लई हायेत!"

"लई? बाप रे! पिल्लं घातली का काय नागिणीनं?"

काकासाहेबांनी सर्पमित्राला फोन लावला. तो बिचारा साप धरायची आकडी घेऊन आला, आत डोकावला आणि गंभीरपणे म्हणाला, "सर, ह्याला आकडी नाय, चमचा लागंल."

तोवर दारात जमलेल्या गर्दीतून वाट काढत सरांच्या सौभाग्यवती, सुगंधाबाई, आत गेल्या. पदर खोचला आणि गवार निवडावी तशी त्यांनी गांडुळं निवडून कुंडीत टाकली. "अहो, गोणीत पाणी तुंबवल्यावर जीव घाबरा झाला त्यांचा. भाईर नाय यायची तर काय करतील?"

सरांनी हळूच विचारलं, "अगं, आज शाळेत येतेस का माझ्याबरोबर?"

"मी कशापायी?"

"कुंडी जड हाय."

शाळेत साहेब आधीच हजर होते. सुगंधाबाईंनी काचेच्या बरणीत माती, वाळू, पालापाचोळा असे थर लावले आणि वर गांडुळं सोडली. ओल्या कापडावर शर्यत लावली. मग पोरं एकमेकांची कंबर धरून एकच लांबलचक गांडूळ झाली आणि पटांगणभर सरपटली. "ह्ये आपल्या रानात बिनबैलाची नांगरट करतंय," बाई सांगत होत्या. "ह्याच्यामुळं माती मऊ होतीय, पाणी मुरतंय." पोरं तळहात पुढं करून "मला द्या, मला द्या" करत होती. त्या धांदलीत एक स्पर्धक कापडावरून उतरला आणि थेट सरांच्या चपलेकडं निघाला.

सर खुर्चीवर चढले. (वरून सगळ्या वर्गावर नीट लक्ष राहतं, असं त्यांनी साहेबांना सांगितलं.)

शेवटी साहेबांनी पोरांना म्हटलं, "आज काय शिकलात, ते दोन ओळींत लिहा." पहिल्या बाकावरच्या आवडा नावाच्या पोरीनं उभं राहून खणखणीत आवाजात वाचलं:

"गांडुळाला डोळे नसतात, कान नसतात, हातपाय नसतात, कणापण नसतो. तरी ते आमच्या सरांना खुर्चीवर चढवतं."