सारंगांची आर्या

“दादांचं बोलणं या घरात कळतं ते मला एकटीला!” असं सूनबाईनं डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं. डॉक्टरांना बरं वाटलं. दादांना कसं वाटलं, हे कुणी विचारलं नाही!

दादा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म मालवाहू जहाजांवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. महिन्यापूर्वी पक्षाघाताचा झटका आला. जाताना तो दादांचं उजवं अंग तर घेऊन गेलाच, वर त्यानं घरातले सगळे शब्दही झाडून नेले. चहा गेला, पाणी गेलं, बायकोचं नावसुद्धा गेलं. मागे उरले ते फक्त जहाजावरचे शब्द.

सूनबाई कपडे शिवायची. मापांच्या वहीतलं एक पान फाडून तिनं यादी केली आणि भिंतीवर चिकटवली. ‘नांगर टाक’ म्हणजे आता झोपतो. ‘शीड’ म्हणजे पांघरूण. ‘धक्का’ म्हणजे पलंगाची कड, पडायला आलोय, धरा. ‘भरती’ म्हणजे भांडं आणा. ‘ओहोटी’ म्हणजे उशीर केलात, आता चादर बदला!

डॉक्टर जाताना दारात थांबून हळू आवाजात म्हणाले, “आठवडा. फार तर दहा दिवस. आणि भरवताना डोक्याकडची बाजू वर घ्या, ठसका लागणार नाही.”

पलंग दवाखान्यातला असतो तसा होता. पायथ्याशी दांडा, तो फिरवला की डोकं वर. सूनबाईनं विचार केला, भरवताना चांगलं, तर दिवसभर त्याहून चांगलं! आणि दांडा फिरवला.

दुपारी दादांनी डोळे उघडले आणि स्वच्छ म्हणाले, “आर्या!”

यादीत आर्या नव्हती.

“आई, आर्या कोण हो?” सूनबाईनं तिथूनच ओरडून विचारलं. हेही तिचंच शहाणपण.

सासूबाई स्वयंपाकघरात औषधाच्या गोळ्या कुटत होत्या. बत्ता थांबला.

“मला काय विचारतेस? मी कुठे गेले होते बंदराबंदरांतून?”

“आर्या! आर्या!” दादा डावा हात खाली आपटत होते.

“दाराकडे हात करतायत,” नवरा म्हणाला. “येतेय का बघत असतील. निजल्यानिजल्या दार कुठलं दिसायला! अगं, जरा वर घे त्यांना.”

सूनबाईनं आणखी दोन फेरे दिले. दादा जोरात ओरडले, “आर्याऽ!”

“बघ, दार दिसलं!” नवरा म्हणाला.

सासूबाईंनी खल बाजूला सारला. “शेहेचाळीस वर्षं! वर्षातले दोन महिने घरी. उरलेले दहा कुठे जायचे, ते आज कळलं. माझं नाव विसरले आणि तिचं लक्षात आहे! जिला हाका मारतायत तिलाच बोलवा. मी आहे इथे, कपबशा धुवायला.”

त्यानंतर त्यांनी दादांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. हाक आली की पातेलं घासायच्या. घासलेलंच.

तीन दिवस गेले. सूनबाई बोटं मोजायला लागली. हातात आठवडा, त्यातले तीन दिवस संपले! हा माणूस बायकोचं तोंड न बघता जाणार, आणि हे सगळं आपण एक शब्द मोठ्यानं उच्चारला म्हणून! तिकडे प्रत्येक हाकेला एकेक फेरा चढत होता. दादा आता काटकोनात बसले होते. सत्कारासाठी व्यासपीठावर आणून बसवावं तसे, फक्त मान एका बाजूला कललेली.

शेवटी तिनं ठरवलं, आर्या मिळत नाही तर उसनी आणायची. इमारतीत या नावाची एकच बाई होती. पहिल्या मजल्यावर दंतवैद्याकडे मदतनीस, वय पन्नास, आवाज पत्र्यासारखा.

“नुसतं ‘मी आले’ म्हणा. हात धरा. त्यांचा जीव शांत होईल, मग आईंना समजावता येईल.”

“अहो पण मी त्यांना ओळखत नाही!”

“तेही आता कुणाला ओळखत नाहीत.”

आर्याबाई आल्या. पलंगावर वाकल्या आणि सवयीनं म्हणाल्या, “काका, आऽऽ करा! आणखी मोठं!”

दादांनी आऽऽ केलं आणि त्यातूनच टाहो फोडला, “आऽऽर्या!”

“हो, मीच! मी आले!”

दादांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते बघून आर्याबाई रडल्या. त्यांना बघून नवरा रडला. स्वयंपाकघरात एक कपबशी फुटली.

नेमके तेव्हाच भंडारीकाका तीन जिने चढून धापा टाकत दारात आले. दादांच्या जहाजावर त्यांनी वीस वर्षं स्वयंपाक केला होता. त्यांनी पलंग बघितला, हाक ऐकली आणि पिशवी खाली टाकली.

“याला एवढं वर कुणी चढवलं?”

“मी,” सूनबाई म्हणाली. अजूनही थोडी ऐट होती. “आर्या दिसावी म्हणून.”

“अगं बाई, आर्या म्हणजे खाली घे! शीड असो, दोर असो, होडी असो, सारंग ‘आर्या’ ओरडला की खाली सोडायचं. वर ओढायचं तर ‘हबेस’! तो हुकूम देतोय खाली घ्या, आणि तुम्ही त्याला डोलकाठीवर चढवताय!”

त्यांनी दांडा उलटा फिरवला. दादा हळूहळू आडवे झाले. कुशीवर वळवलं तर माकडहाडापाशी तळहाताएवढं कातडं सोलवटून लाल झालं होतं. तीन दिवस सगळा भार तिथेच. सूनबाईनं ते बघितलं आणि तिला भिंतीवरच्या यादीकडे बघवेना.

सासूबाई दारात उभ्या होत्या. “एवढंच?”

“एवढंच, वहिनी.”

त्या येऊन पलंगाच्या कडेला बसल्या. “शेहेचाळीस वर्षांत हा एक शब्द मला शिकवता आला नाही का हो तुम्हाला?”

दादांनी डावा हात त्यांच्या हातावर ठेवला. म्हणाले, “धक्का.”

“पडतायत! धरा, धरा!” यादी पाठ असलेला नवरा धावला.

भंडारीकाकांनी त्याचा दंड पकडला. “थांब रे. जहाज येऊन लागतं ना, तो धक्का. पोचलो म्हणतोय.”

पाचव्या दिवशी सकाळी दादा गेले. आडवे, हात तसाच ठेवून.

जिना अरुंद. उचलायला चौघं आणि पुढे भंडारीकाका, डोळे पुशीत. “हबेस!” म्हणाले, तशी तिरडी उचलली गेली. पहिल्या मजल्याच्या वळणावर कठड्यावरून अलगद खाली घ्यायला लागणार होतं.

“आर्या!” काका ओरडले. “आर्याऽ! सावकाश!”

दंतवैद्याचं दार धाडकन उघडलं. “आले, आले!” तोंडाला मास्क, हातात चिमटा. “कुणी बोलावलं?”

चौघं जागच्या जागी थांबले. आर्याची कुणकुण लागलेली एक चुलत जाऊ मागून कुजबुजली, “अगंबाई, हीच का ती?”

सासूबाई भिंतीला टेकल्या. त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. सूनबाईनं त्यांना कवेत घेतलं तेव्हा कानाशी आवाज आला, “हसू आवरत नाहीये गं. घट्ट धर. लोक काय म्हणतील!”

तिनं घट्ट धरलं.

“रडू द्या त्यांना,” मागून कुणीतरी म्हणालं. “सून गुणाची हो. सासूच्या मनातलं तिला एकटीला कळतं!”

सूनबाईनं सासूबाईंचं तोंड आपल्या खांद्यात आणखी दाबलं.