पाऱ्यातला एकमेव कोट

इंटर्नशिप शोधण्याआधी ती शोधण्याची तयारी करावी लागते, आणि चांगल्या घरांतून ही तयारी इतकी मनापासून होते की पुढे शोधायला वेळच उरत नाही. आमचं घर चांगलं आहे.

माझा दादा वेदांत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात इंटर्नशिप केली नाही तर चौथ्या वर्षात बसू देणार नाही, असं कॉलेजने कळवल्याबरोबर तो कामाला लागला. आधी नवा ईमेल आयडी काढला (जुन्यात 'किलर' होतं). मग रेझ्युमेचा फॉन्ट निवडण्यात फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये त्याने स्वतःचे गुण लिहिले: स्वयंप्रेरित, स्वावलंबी, एकट्याने जबाबदारी पेलणारा. हे लिहून होईतो आईने त्याला दोनदा ताट नेऊन दिलं.

राहिला फोटो. फोटोला कोट लागतो आणि आमच्या पाऱ्यात, म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यात, कोट एकच: श्यामराव काकांचा. काकांनी तो स्वतःच्या रिसेप्शनसाठी नागपूरहून शिवून आणला होता. गडद, लोकरी, वरचं बटण मूळचं, खालचं शर्टाचं. आमच्या या रेल्वे कॉलनीतल्या सगळ्या होतकरू तरुणांचे फोटो याच कोटातले आहेत. त्यामुळे एका पाहणीनुसार (पाहणी माझी) पाऱ्यातल्या शंभर टक्के तरुणांचे खांदे श्यामराव काकांच्या मापाचे आहेत. काका मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाले. कोटाला ती सोय नाही.

कोट तेव्हा फोटोसाठी पाऱ्यातल्याच अश्विनकडे गेला होता, म्हणून दादाचा एकही अर्ज गेला नव्हता.

"अर्ज तर धाड आधी," आई म्हणाली.

"फोटोशिवाय काहून धाडू? काहीही बोलून राहिली तू!"

"बिना कोटाचा पोट्टा दिसत नाही का त्यायले?"

शेवटी कोट आला तेव्हा एप्रिल होता. गच्चीवर पांढरी चादर बांधली. वर लोकरीचा कोट, खाली बर्मुडा (हा भाग कंपनीला कळवण्यात आला नाही). काका अंगाने भरदार आणि दादा म्हणजे हँगर. तेव्हा कोट पाठीमागून ओढून धरण्यासाठी घरातल्याच एका व्यक्तीची नेमणूक झाली. ही व्यक्ती अकरावीत शिकते.

"संपे, दिसू नको. अन् हलू पण नको," दादाने मला बजावलं.

बाबा दर फोटोला 'स्माइल' म्हणत होते. मागे बसून मीही दर वेळी हसले.

अर्ज गेला. आमच्याच शहरातल्या, तेलीबांधा भागातल्या एका ऑफिसातून बोलावणंही आलं. तारखा बघता दादाचा हा पहिला आणि शेवटचा चान्स होता. पुढचा वृत्तांत त्याने घरी येऊन, तांब्याभर पाणी पिऊन सांगितला, तो असा:

मुलाखत घेणाऱ्या स्वानंद सरांनी रेझ्युमे वाचला, मग फोटो वाचला, मग पुन्हा फोटोच वाचला.

"पीछे कौन है?"

"कोई नहीं, सर."

"कोहनी के पास दो उँगलियाँ हैं."

दादाने एकट्याने जबाबदारी पेलून पाहिली. पेलली नाही.

"हव, सर. छोटी बहन है. कोट पकड़ के बैठी है."

सरांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. फोटोत तोच कोट, तेच शर्टाचं बटण, आणि कोपराशी हिरव्या बांगडीची कड.

"माझी ताई," सर एकदम मराठीत म्हणाले. "काका बरे आहेत ना? सोमवारपासून ये. सकाळपासून पहिलं खरं उत्तर मिळालं."

(निवड गुणवत्तेवर झाली, असं बाबांनी नातेवाइकांना कळवलं आहे.)

घरात पेढे आले. दादाने मला दोन दिले, बोटामागे एक. मग मोबाइल घेऊन बसला आणि सगळ्यात आधी फोटोतून ती दोन बोटं कापून टाकली. खाली 'स्वावलंबी' तसंच आहे.

माझी तक्रार नाही. कोटासाठी मीही नंबर लावलाय. मागे दादाला बसवणार म्हटल्यावर त्याचे गुडघे आत्तापासूनच दुखून राहिले.

तुम्ही हसताय, हसा. फक्त एकदा स्वतःचा फोटो मोठा करून कोपराजवळ बघा. तिथे कोणी दिसत नसेल, तर कधी कापलं ते आठवा.