भरणी क्रमांक चौदा निर्दोष आहे

काउंटीची सप्टेंबरातली नेमबाजी स्पर्धा यंदापासून आखूड नळीच्या रायफलींनी होईल, असं पत्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्टोनी फोर्ड रॉड अँड गन क्लबला आलं. पत्र दोन ओळींचं होतं. त्यावरची चर्चा तीन शुक्रवार चालली आणि तिन्ही शुक्रवारी लाइल झास्ट्रोच्या टॅव्हर्नमधले तळलेले मासे ताटात थंड झाले. लाइल क्लबचा अध्यक्षही होता आणि टॅव्हर्नचा मालकही, त्यामुळे चर्चा लवकर आटोपण्यात त्याला विशेष रस नव्हता.

आखूड रायफल बाळगायची तर सरकारकडे बोटांचे ठसे आणि फोटो पाठवावे लागतात. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये बर्फ वितळण्याच्या दिवसांत माणसाला तसंही दुसरं काम नसतं. जूनच्या सुरुवातीला चारही नेमबाजांच्या रायफली तयार झाल्या. संघात चार जण होते: लाइल, दोघे ब्युब्लिट्झ बंधू आणि आर्डन टोरव्हिक.

आर्डन अडुसष्ट वर्षांचा होता. रस्ते खात्यात एकतीस वर्षं फॉर्म भरून आणि भरून घेऊन तो निवृत्त झाला होता. संघात तो बावीस वर्षं होता आणि टॅव्हर्नच्या भिंतीवर संघाचे बावीस फोटो होते. त्या फोटोंपलीकडे आयुष्यात आपण काही मिळवलंय, असं त्याला मनातून कधी वाटलं नव्हतं, आणि तेविसावा फोटो आपल्याशिवाय निघेल या भीतीने तो भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे बघायचं टाळायचा. संघाची राखीव खेळाडू होती शाळेची बस चालवणारी कॉलीन प्रीबिल. ती गेली सहा वर्षं राखीवच होती.

पहिल्या सरावात आर्डनने उभं राहून शंभर यार्डांवर दहा गोळ्या झाडल्या. त्यातल्या सहा कागदाला लागल्या. उरलेल्या चार कुठे गेल्या हे कुणालाच सांगता येईना.

"भरणी," आर्डन रायफल खाली ठेवत म्हणाला.

"भरणीच," लाइलने दुजोरा दिला. त्याच्याही तीन गोळ्या बेपत्ता होत्या.

काडतुसात कुठली गोळी बसवायची आणि तिच्यामागे बंदुकीची दारू कुठली आणि किती घालायची, याला आमच्याकडे भरणी म्हणतात. हे सगळं आम्ही घरीच करतो, तळघरात, दागिने तोलायच्या काट्यावर. लांब नळीसाठी जमवलेली जुनी भरणी आखूड नळीला चालत नाही, हे खरंच होतं. दारू नळीत जळून व्हायच्या आत गोळी बाहेर पडते, उरलेली दारू तोंडाशी येऊन भडकते, आणि माणूस निशाणा सोडून भुवया शाबूत आहेत का ते चाचपतो. भरणी बदलायला हवी होती, याबद्दल वाद नाही. पण भरणी बदलायला हवी म्हटल्यावर दुसरं काहीच बदलायला नको असतं, आणि म्हणून भरणीवर आमचा फार जीव आहे.

दारूगोळा उपसमिती स्थापन झाली. फॉर्म लिहिण्याचा अनुभव असलेला एकच माणूस क्लबात होता, म्हणून आर्डन तिचा अध्यक्ष झाला.

समितीच्या पहिल्या बैठकीत आर्डनने तत्त्व मांडलं. "आपल्याला परीक्षा भरणीची घ्यायची आहे, माणसाची नाही. बरोबर?"

"बरोबर," लाइल म्हणाला.

"मग माणसाच्या चुकीने गोळी भरकटली, तर तिचा ठपका भरणीवर येता कामा नये. झाडणाऱ्याने जागच्या जागी कबूल करायचं की चूक माझी. ती गोळी धरायची नाही."

यात गैर काहीच नव्हतं. जगभरचे नेमबाज असंच करतात. फरक एवढाच की त्यांच्याकडे आर्डन नव्हता. त्याने आठवडाभरात 'स्वदोष कबुली चिठ्ठी' तयार केली, तीन प्रतींत. पांढरी समितीला, पिवळी क्लबला, गुलाबी स्वतःसाठी. त्यात कारणाचा रकाना होता: हात हलला, श्वास चुकला, डोळ्यात पाणी आलं, इतर. खाली सही.

सुरुवातीला चिठ्ठी भरायला सगळे लाजले. कबुली देणं कुणालाच सोपं नसतं. पण पहिली चिठ्ठी भरल्यावर थोरल्या ब्युब्लिट्झच्या लक्षात आलं की कबुली दिल्याने आपलं काही जात नाही. उलट वाईट भोक कागदावरून रद्द होतं आणि वर माणूस प्रामाणिक ठरतो. आम्ही सगळे लुथरन ख्रिस्ती. दर रविवारी चर्चमध्ये एका सुरात पापं कबूल करतो आणि मग तिथल्याच तळघरात जेवायला बटाट्याच्या हॉटडिशसमोर रांग लावतो. आम्हाला ही पद्धत नवी नव्हती, फक्त तिच्यात कार्बन पेपर नवा होता.

जुलैअखेर भरणी क्रमांक एक ते नऊ तपासून झाल्या. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून, खुर्चीत बसून प्रत्येक भरणीच्या पाच-पाच गोळ्या झाडायच्या. रद्द झालेली भोकं सोडून उरलेल्यांचा पुंजका जितका घट्ट, तितकी भरणी चांगली. पहिल्या भरणीचा पुंजका ताटलीएवढा होता. नवव्या भरणीपर्यंत तो बिस्किटाएवढा झाला. चिठ्ठ्या आता रोजच्या सरावातही भरल्या जात होत्या, त्यामुळे त्यांचे गठ्ठे मात्र फुगत होते.

"स्पर्धेत उभं राहून झाडायचंय ना?" कॉलीनने एकदा विचारलं. "मग आपण बसून का तपासतोय?"

"उभं राहिलं की माणूस हलतो," आर्डनने समजावलं. "मग भरणीचा नीट अंदाज येत नाही."

"पण त्या दिवशी माणूस हलणारच ना?"

"त्या दिवशीचं त्या दिवशी. तो आपल्या समितीचा विषय नाही."

घरी व्हर्नाने, म्हणजे आर्डनच्या बायकोने, त्याच्यासाठी झाकणाचा कप आणला होता. वर्षभर कॉफी बशीत सांडत होती. कप बघून आर्डन म्हणाला, "यात गरम छान राहते." व्हर्ना म्हणाली, "हो, म्हणूनच आणला." एवढ्यावर तो विषय दोघांनी मिटवला.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी भरणी क्रमांक चौदा तपासली गेली. झाडत होता आर्डन. पहिली गोळी गेली आणि त्याने कबुली दिली: हात हलला. दुसरी, हात हलला. तिसरी बरी वाटली. चौथीला डोळ्यात पाणी आलं. पाचवीला पुन्हा हात. चार चिठ्ठ्या, बारा प्रती, सगळं रीतसर.

लाइलने कागद आणला, चार भोकांवर फुल्या मारल्या आणि उरलेल्या एका भोकाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने टोपी काढली.

"अंतर शून्य," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी चाळीस वर्षं भरण्या बघतोय. असा पुंजका पाहिला नाही."

"एका भोकाचा पुंजका असतो होय?" कॉलीन म्हणाली.

"नियमात कमीत कमी किती भोकं हवीत, ते दिलंय का?" लाइलने विचारलं.

"नाही, पण..."

"मग?"

भरणी चौदा एकमताने मंजूर झाली. राखीव खेळाडूला मत नव्हतं. आर्डनने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि महिनाभर भेटेल त्याला दाखवला. फुल्या मारलेल्या भागावर त्याचा अंगठा यायचा, ते मुद्दाम नव्हे. कागद धरायला तीच जागा सोयीची होती.

स्पर्धा पाइन क्रीकच्या मैदानावर झाली. गुण मोजायला काउंटीच्या वतीने मिल्ड्रेड ऑस्टबी नावाची निवृत्त परिचारिका होती. नेमबाजीतलं आपल्याला काही कळत नाही, असं तिने आधीच सांगून टाकलं होतं. आपल्याला भोकं मोजता येतात, तेवढं पुरे, असं तिचं म्हणणं.

आर्डन शेवटचा. तोवर आमचा संघ एका गुणाने मागे होता, म्हणजे खेळ हातातला होता. आर्डन उभा राहिला. रायफल खांद्याला लावली आणि तिचं टोक लहान गोल काढायला लागलं. त्याने श्वास धरला. गोल मोठा झाला. दहाव्या गोळीपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता आणि कागदावर सात भोकं होती.

तो तडक मिल्ड्रेडच्या टेबलाशी गेला आणि तीन चिठ्ठ्या तिच्यापुढे ठेवल्या.

"हे काय?" तिने चष्मा खाली ओढला.

"तीन गोळ्या माझ्या चुकीने गेल्या. त्या धरायच्या नाहीत."

"तुमच्या चुकीने गेल्या?"

"हो. सही केलीय खाली."

"मग धरायच्या कुणाच्या चुकीने गेलेल्या?" मिल्ड्रेडने विचारलं. तिचा आवाज अजिबात खवचट नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

आम्ही एकोणीस गुणांनी हरलो. परतीच्या वाटेवर लाइल पाइन क्रीकच्या वाऱ्याबद्दल बोलला आणि धाकटा ब्युब्लिट्झ पाइन क्रीकच्या कागदाबद्दल. भरणी चौदाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण ती निर्दोष होती. आर्डन खिडकीतून मक्याची शेतं बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्नाने जेवणाच्या टेबलावरच्या गुलाबी प्रती आवरायला घेतल्या. आवरता आवरता ती वाचायला लागली. आर्डन टोस्टला लोणी लावत होता, म्हणजे टोस्टच्या आसपास लावत होता.

"तुझ्या दोनशे चौदा चिठ्ठ्या आहेत," ती म्हणाली.

"असतील."

"एकशे एक्याण्णवांवर 'हात हलला' लिहिलंय."

"फॉर्ममध्ये तो रकाना पहिला आहे ना, म्हणून."

"आर्डन, माझ्याकडे बघ. एकशे एक्याण्णव वेळा तू स्वतःच्या सहीने लिहून दिलंस की तुझा हात हलतो. डॉक्टरला सांगितलंस का एकदा तरी? मला सांगितलंस?"

"ते फायलीसाठी होतं, व्हर्ना."

व्हर्नाने त्याच्या हातातून सुरी घेतली, टोस्टला लोणी लावलं आणि टोस्ट त्याच्यापुढे ठेवला. आर्डनला रडू आलं. पन्नास वर्षांच्या संसारात ते तिने दुसऱ्यांदा पाहिलं.

"मंगळवारच्या सभेत सांगतो," तो म्हणाला. "खरं काय ते."

आणि त्याने खरोखर सांगितलं. टॅव्हर्नमध्ये तेवीस माणसं होती. आर्डन उभा राहिला. खिशातले हात बाहेर काढून त्याने ते सगळ्यांना दिसतील असे पुढे धरले, आणि ते कापत होते.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "मला माहीत होतं. भरणीचा दोष नव्हता, वाऱ्याचा नव्हता. परवा माझ्यामुळे आपण हरलो. माझ्या जागी कॉलीनला घ्या. दोन वर्षांपूर्वीच घ्यायला हवं होतं, पण ते सांगायची माझी हिंमत नव्हती."

थोरला ब्युब्लिट्झ नाक पुसायला लागला. लाइल काउंटरमागून बाहेर आला आणि त्याने आर्डनला मिठी मारली. मग परत आत जाऊन चिठ्ठ्यांचं पुस्तक घेऊन आला.

"एवढं लिहून दे," तो म्हणाला. "रीतसर होऊन जाऊ दे."

आर्डनने लिहून दिलं. सही वेडीवाकडी झाली, पण ओळखू येत होती. लाइलने चिठ्ठी मोठ्याने वाचली, मग नियम वाचला आणि मग कागदावर काहीतरी आकडेमोड केली.

"झाडणाऱ्याने चूक कबूल केलेली आहे. म्हणजे नियमानुसार त्या तीन गोळ्या धरता येत नाहीत. उरलेल्या सातांच्या सरासरीने दहाचा हिशोब केला, तर आर्डनचे गुण चोवीसने वाढतात." त्याने मान वर केली. "मंडळी, आपण पाच गुणांनी जिंकलोय."

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

"पाइन क्रीकला कळवायचं का?" धाकट्या ब्युब्लिट्झने विचारलं.

"आपल्या इतिवृत्तात आहे, तेवढं पुरे," लाइल म्हणाला. "आर्डन संघात कायम. इतकी सचोटी आणायची कुठून दुसरीकडून?"

कॉलीन उभी राहिली. "एक मिनिट. त्यांचा हात तर अजून कापतोच आहे ना?"

"त्याने कबूल केलंय, कॉलीन," लाइल दुखावल्या स्वरात म्हणाला. "अजून काय करायचं बिचाऱ्याने?"

नको म्हणायला आर्डनने तोंड उघडलं होतं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण टाळ्या जोरात होत्या. कुणीतरी त्याच्यापुढे ब्रँडीचा ग्लास ठेवला, कुणीतरी पाठीवर थाप मारली. तो हळूहळू खाली बसला. आणि खरं सांगायचं तर त्याला फार बरं वाटत होतं. दोन वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं. कॉलीनकडे मात्र त्याला बघवेना, म्हणून तो, तेविसावा फोटो काढायला आलेल्या फोटोवाल्याने सांगितलं तिकडे बघत राहिला.

त्या सभेचं इतिवृत्त मीच लिहिलं आणि खाली सही केली. हे सगळं होत असताना मीही टाळ्या वाजवत होतो, याची कबुली सोबतच्या चिठ्ठीवर जोडली आहे, तेव्हा माझ्यापुरता विषय मिटला. वाचकांपैकी ज्यांना हे वाचताना आपल्या ओळखीतलं कुणीतरी आठवलं, पण आपण स्वतः आठवलो नाही, त्यांची गोळी धरलेली नाही.