नऊ वर्षांचं हृदय

दशरथ ढोबळे यांचं वय चोपन्न होतं आणि त्यांच्या हृदयाचं नऊ.

तेलाच्या डब्यावर लिहिलं होतं तसंच झालं होतं. 'नवस्पंद तेल, महिन्याला एक डबा, दर महिन्याला हृदय एका वर्षानं तरुण.' बोरखळ फाट्यावर त्यांची बायको रत्नमाला ढोबळे याच तेलात तळलेल्या फरसाणाचं दुकान चालवायची. दर घाण्याची पहिली शेव मालकांनी, म्हणजे दशरथरावांनी, चाखायची आणि मीठ बरोबर आहे का ते सांगायचं, अशी दुकानाची रीत. रत्नमाला स्वतः चाखायची नाही. गिऱ्हाइकाच्या आधी करणारणीनं तोंड घालू नये, असं तिला वाटायचं. त्यामुळे तिचं हृदय जिथल्या तिथं, पन्नाशीत राहिलं. तेलाचा सगळा गुण पहिल्या शेवेतच उतरायचा, म्हणून मालकांचं साडेतीन वर्षांत, बेचाळीस डब्यांत, एक्कावन्नावरून नऊवर आलं.

हे कळलं तोवर उशीर झाला होता. हृदय तेवीसच्या खाली उतरलं तेव्हा तिला नुसतं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. चहा देताना मालक बघायचे, नाव घेऊन हाक मारायचे, पण बँकेतला माणूस टोकन बघून हाक मारतो तशी. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि स्वच्छ सांगितलं, "ताई, डोक्यात तुमची सगळी नोंद आहे. हृदयात नाही. लग्न झालं तेव्हा हे तेवीसचे होते. हृदय अजून तिथवर आलेलंच नाही."

"मग माझी एकतीस वर्षं कुठं गेली?"

"ते कंपनीला विचारा."

तेल त्याच दिवशी बंद केलं. पण गेलेली वर्षं आपण होऊन परत येईनात. मग रत्नमालेनं ग्राहक आयोगात तक्रार लावली. नुकसानभरपाई या रकान्यात तिनं लिहिलं : 'माझी एकतीस वर्षं. तीच. दुसरी चालणार नाहीत.'

सुनावणीला ती बेचाळीस रिकामे डबे टेम्पोतून घेऊन गेली. शिपाई म्हणाला, एक नमुना पुरे. ती म्हणाली, "एकानं झालं असतं तर एकच आणला असता. उचला."

कंपनीचे वकील पाठारे हसतमुख होते. ते उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदया, या आयोगापुढे रोज खोट्या जाहिरातींच्या तक्रारी येतात. आत्ताच आपण उंची न वाढवणाऱ्या पिठाचं प्रकरण ऐकलं. इथे तक्रार अशी आहे की आमचा दावा खरा निघाला. खऱ्या दाव्याविरुद्ध कायद्यात कलम नाही."

"म्हणजे खोटं बोललात तर शिक्षा, आणि खरं बोलून माणूस नेलात तर हार घालायचा का तुम्हाला?" रत्नमाला म्हणाली.

"बाई, बसून बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"बसून मला राग येत नाही नीट."

पाठाऱ्यांनी डबा उलटा केला. तळाला मुंगीएवढ्या अक्षरात ओळ होती : 'हृदयाचं वय कमी झाल्यास त्या वयानंतर जुळलेल्या नात्यांची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही.' "तक्रारदारांनी हे वाचायला हवं होतं."

"मी चौथी शिकले," रत्नमाला म्हणाली. "चौथीच्या पुस्तकात अक्षर मोठं असतं. आणि डबा उलटा केला तर तेल सांडतं. भरल्या डब्याचा तळ तुमच्या घरी कोण वाचतं, त्याला उभं करा इथं."

पाठाऱ्यांनी कागद चाळले. असा साक्षीदार त्यांच्याकडे नव्हता.

मग दशरथ ढोबळ्यांची साक्ष झाली. ते फक्त डोक्यातलं सांगू शकतील, हृदय अल्पवयीन असल्यानं त्याच्या वतीनं बोलू शकणार नाहीत, असं अध्यक्षबाईंनी आधीच बजावलं. त्यांनी लग्नाची तारीख, मांडवाची जागा, वरातीतल्या बैलाचा रंग, सगळं बरोबर सांगितलं. "आणि यांच्याबद्दल काय वाटतं?" यावर त्यांनी बराच विचार केला. "बाई कामाला चांगल्या आहेत," ते म्हणाले.

रत्नमालेनं पदराचं टोक मुठीत धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

हृदय ओळख दाखवतं का, याची चाचणी घ्यायचं ठरलं. आयोगाच्या डॉक्टरांनी दशरथरावांच्या छातीला नळी लावली. रत्नमाला म्हणाली, "लग्नात घेतलेला उखाणा म्हणते. तेव्हा यांची छाती शेजारच्या पाटावर बसून मला ऐकू येत होती. पुढं दर संक्रांतीला हळदीकुंकवात म्हटला, की हे पडद्यामागून पाण्याचा तांब्या मागायचे. तहान नसायची."

"म्हणा. नोंद घेतली जाईल."

ती ताठ उभी राहिली.

"शिवारात साठली हरभऱ्याची रास,
दशरथरावांना भरवते जिलबीचा घास."

लेखनिकानं दोन्ही ओळी लिहून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, "ठोके ब्याऐंशी. आधीही ब्याऐंशीच होते."

तिनं पुन्हा म्हटला, मोठ्यानं. ब्याऐंशी.

तेवढ्यात पलीकडच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली. "एकशे अठरा," डॉक्टर म्हणाले.

पाठाऱ्यांनी मात्र संधी साधली. "कंपनी तडजोडीला तयार आहे. तक्रारदारांना बेचाळीस डबे मोफत देऊ. त्यांचंही हृदय नवाच्या आसपास येईल. मग दोघं बरोबरीचे."

"म्हणजे यांनी मला ओळखायचं नाही आणि मी यांना," रत्नमाला कडाडली. "मग तुमच्यावर केस कोण चालवणार? एकाला तरी आठवायला नको? तुम्ही केलेलं नुकसान भरायला माझाच जीव घालू होय रे? घरी बायको आहे का तुला?"

"आहे," पाठारे म्हणाले.

"तिच्या स्वयंपाकघरात कुठलं तेल आहे, ते शपथेवर सांग."

पाठाऱ्यांनी लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल, असं सांगितलं. तेही लिहून घेतलं गेलं.

तासाभरानं आदेश वाचून दाखवला. हृदय नऊ वर्षांचं असल्यानं त्याचा ताबा पालक म्हणून तक्रारदाराकडे राहील. शिक्षण सक्तीचं असल्यानं त्याला शाळेत घालावं, आणि ते काढून पाठवता येत नसल्यानं दशरथ ढोबळ्यांनी सोबत जावं. वर्षं परत देण्याबाबत : हृदय तेवीस वर्षांचं होऊन त्यानं तक्रारदाराला ओळखलं नाही, तरच नुकसान सिद्ध होईल. सबब प्रकरण चौदा वर्षं पुढं ठेवण्यात येतं. दुसऱ्या पक्षानं त्या तारखेला हजर राहावं. डबे पुरावा म्हणून तक्रारदारानं सांभाळावेत.

"चौदा वर्षांनी मी सहासष्टची होईन," रत्नमाला म्हणाली.

"हो."

"किती वाजता?"

"सकाळी अकरा."

"अकरा म्हणजे अकराच ना? आज साडेबारापर्यंत बाकावर बसवलंत."

अकराच, असं अध्यक्षबाईंनी आदेशात हातानं घातलं.

सोमवारी फाट्यावरच्या शाळेत चौथीच्या वर्गात प्रवेश झाला. मागचं बाक दशरथरावांच्या गुडघ्यांना पुरलं नाही, म्हणून त्यांना खिडकीखाली सतरंजी दिली. अर्जावर 'पालकाचं नातं' असा रकाना होता. गुरुजी म्हणाले, काहीतरी लिहावं लागेल. रत्नमालेनं 'तक्रारदार' असं मोठ्या अक्षरात लिहिलं.

आता रोज मधल्या सुट्टीच्या सुमाराला ती डबा घेऊन जाते. आधी सांगते, "मी रत्नमाला." मग उखाणा म्हणते, घास भरवते आणि छातीवर हात ठेवून ठोके मोजते. आकडा वहीत लिहिते. चौदा वर्षांनी ही वही आयोगापुढे ठेवायची आहे, म्हणून त्यात खाडाखोड चालत नाही.

परवा एकशे बारा भरले. मधल्या सुट्टीची घंटा त्याच वेळी झाली होती, म्हणून तिनं ते धरले नाहीत.