रबरवाली आणि पाटीची शर्यत

रविवारी सकाळी शेजारच्या गजभिये भाऊजींच्या घरून चिरका, कर्कश आवाज सुरू झाला की मी आमचा मिक्सर बंद करते. चटणी अर्धवट राहिली तरी चालते. त्या वेळी भाऊजींचा एखादा जुना कम्प्युटर टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून आपलं काम वाचून घेत असतो. मध्येच मिक्सर फिरला तर वाचलेलं बिघडतं आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एकदा माझ्या हातून तसं झालं. भाऊजी रागावले नाहीत. भिंतीपलीकडून एवढंच म्हणाले, "वयनी, तुमची चटणी आमच्या मशिनीत गेली."

भाऊजी लाकडाच्या डेपोत बाबू होते. बालाघाटात रिटायर झालेली माणसं वैनगंगेवर फिरायला जातात, नाहीतर कोर्टासमोर चहा पीत बसतात. भाऊजी कबाड्याकडे, भंगाराच्या ढिगात जाऊन बसतात. घराघरात कम्प्युटर पहिल्यांदा यायला लागले तेव्हाचे, टीव्हीला जोडायचे स्वस्तातले डबे त्यांना हवे असतात. त्यातही नावाजलेले नकोत. जे विकत घेऊन लोक पस्तावले, तेच हवेत.

"चांगल्याले सारेच विचारतात," ते म्हणतात. "याइले कोण विचारन?"

असे बरेच डबे त्यांच्या दिवाणावर ओळीनं मांडलेले आहेत. एकाचं नाव कवेलू, कारण तो छपरावरच्या कौलासारखा उतरता आहे. एक तापतो म्हणून त्याला तवा म्हणतात. सगळ्यांत लाडकी रबरवाली. तिची बटणं भिजवलेल्या चण्यासारखी मऊ आहेत. भाऊजी सगळ्यांना तेच गणित घालतात आणि कोण किती वेळात करतो, कोण कुठे अडतो ते पाहतात. पण कुणाला वाईट म्हणत नाहीत. "आपापल्या परीनं बरं हाये," एवढाच त्यांचा निकाल.

ही सवय घरभर पसरली आहे. मी वरण नेऊन दिलं तर घास घेऊन थांबतात. "परवाच्यापेक्षा मीठ कमी. हळद बरोबर. फोडणी घाईची. पण आपापल्या परीनं बरं." त्यांच्या घरच्या ताई होत्या तेव्हा त्या म्हणायच्या, "मले पाहाले आले तवा बी यायनं माह्या भैनीसंग माही तुलना केलती." ताई गेल्या, मुलगी जबलपूरला दिली. आता घरात भाऊजी, हे डबे आणि त्यांच्यासाठी जपून ठेवलेले जुने, मोठ्या पोटाचे टीव्ही.

त्यांच्या तोडीचा एकच माणूस आहे, गोंदियाचे देवराव. दोघं एका वर्गातले. देवरावांकडे एकच मशीन, तिचं नाव पाटी, कारण तिला बटणंच नाहीत. सपाट पत्र्यावर अक्षरं छापलेली आहेत. रबरवाली जलद की पाटी, यावर दोघं दर रविवारी फोनवर भांडायचे. भाऊजी फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे मला सगळं पाठ आहे. भाऊजी देवरावांचे पभ्या आणि देवराव भाऊजींचे देवा.

"पभ्या, चण्यावर बोटं मारून गणित होते का बे?"

"अन् तू भिंतीवर टाइप करतं, त्याचं काय?"

"हिंमत असन तर गोंदियाले ये."

"मी काहून येऊ? तूच ये."

अशी वर्षं गेली. कुणीच कुणाकडे गेलं नाही. मग मागच्या उन्हाळ्यात देवरावांना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. रविवारचे फोन थांबले. भाऊजींचं मशिनींवरचं लक्षही उडालं.

पावसाळ्यानंतर एकदा फोन आला. देवराव पाटी घेऊन येत होते. त्यांच्या मुलानं घराची आवराआवर काढली होती आणि ठरवून टाकलं होतं, की पाटी एकदा चालवून दाखवली तर घरात राहील, नाहीतर कबाड्याला. देवरावांनी ते कबूल केलं होतं. फक्त शर्यत बालाघाटात व्हावी, एवढं मागून घेतलं होतं.

मला भाऊजींनी पंच केलं. मी म्हटलं, "मला यातलं काय कळतं?"

"म्हणूनच. तुमी कोणत्याच पार्टीच्या नाई."

दुपारच्या गाडीनं बापलेक आले. देवराव काठीवर, मुलाच्या हातात चादरीत गुंडाळलेली पाटी. दोन टीव्ही शेजारी शेजारी लावले. रबरवाली लगेच सुरू झाली, पडद्याच्या कोपऱ्यात तिची काळी खूण लुकलुकायला लागली. भाऊजींनी पाटीची वायर जोडली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. वायर काढली, पुसली, परत लावली. मुंग्याच. देवराव डाव्या हातानं पत्र्यावर एकेक अक्षर दाबत होते.

मुलगा मोबाइलमधून मान वर करून म्हणाला, "देखा पापा? बोला था ना मैंने."

देवरावांचं बोट थांबलं. ते पडद्याकडे बघतच राहिले.

मी पोह्यांच्या बशा ठेवायला खाली वाकले होते, म्हणून मला दिसलं. भाऊजींचा पाय टेबलाखालच्या बोर्डाकडे सरकला. अंगठ्यानं त्यांनी एक बटण दाबलं. वरती रबरवालीचा पडदाही मुंग्यांनी भरला.

"घे," भाऊजी म्हणाले. "माही बी गेली. वोल्टेज नाई."

देवराव त्यांच्याकडे वळले. "तुही बी?"

"हौ ना बे. दुपारचं असंच रायते इथी."

मुलानं वर पाहिलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"पंख्याचं वोल्टेज अलग हाये," भाऊजी म्हणाले. "पोहे खा."

मग दोघं दोन बंद मशिनींसमोर बसून संध्याकाळच्या गाडीपर्यंत भांडले. देवरावांचे शब्द अडखळत होते. भाऊजी मध्येच वाक्य पुरं करून देत नव्हते, थांबत होते. निघताना म्हणाले, "पाटी इथीच राहू दे. वोल्टेज आलं का शर्यत लावतो अन् फोनवर सांगतो." ओझं वाचलं म्हणून मुलानंही रिकामी चादर तेवढी घडी घालून घेतली.

त्या आठवड्यात भाऊजींनी पाटी उघडली. आतल्या तारा हिरव्या पडल्या होत्या, एक तुकडा हातात घेताच भुगा झाला. तीन-चार दिवस ते चष्मा कपाळावर चढवून तिच्यावर वाकलेले दिसायचे. शनिवारी मी डबा द्यायला गेले, तेव्हा झाकण लावत म्हणाले, "मेली हाये, वयनी. आतून कवाचीच मेली हाये."

रविवारी मी रिकामा डबा आणायला गेले. दोन्ही मशिनी टेबलावर होत्या, टीव्ही मात्र एकच सुरू होता. भाऊजींनी फोन लावला.

"देवा, वोल्टेज आलं. दोघीइले एकच गणित देल्लं. सोडू? पाय, सोडल्या."

रबरवालीच्या पडद्यावर आकडे सरकायला लागले. भाऊजी ते बघून बोलत होते.

"माही शंभरावर. तुही पुढं हाये बे. आता पाय, माही दोनशे. तुही तर तीनशेच्या वर गेली."

पलीकडून काहीतरी अस्पष्ट आलं.

"नाई, अडली नाई. जाऊन राह्यली मस्त."

रबरवाली अर्ध्यावर होती तेव्हा भाऊजी म्हणाले, "झालं. तुही जितली." पलीकडचं ऐकून म्हणाले, "हौ. मान्य हाये. साऱ्याइसमोर सांगतो, वयनी बी हायेत इथी."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "हो. तुमचीच जिंकली."

पलीकडे देवराव हसत होते. हसता हसता त्यांना खोकला आला, मग परत हसले. तुटक शब्दांत बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. भाऊजी मोठा आवाज बंद करून फोन कानाशी घट्ट धरून "हौ, हौ" म्हणत होते.

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला.

"काय म्हणत होते?" मी विचारलं.

"खूश हाये लेकाचा. पोराले कायतरी म्हणत होता मोठ्यानं." भाऊजींनी पाटीवरची धूळ तळव्यानं झाडली. "पुढच्या रविवारी भागाकार पायजे म्हणते. आता मले भागाकारात बी हारावं लागन."