सरदार जिवंत निघाले!

"जानरावांच्या मरणावर माझ्यासारखं रडवणारा माणूस अख्ख्या दिल्लीत दाखवा!" असं अण्णासाहेब करोल बागेतल्या मंडळात छाती फुगवून सांगत. आणि ते खरंच होतं! सरदार जानराव होते कादंबरीतले. पण ते पडले पानिपतावर. म्हणून दर संक्रांतीला मंडळाची बस तिथल्या काला अंब स्मारकाला जायची, अण्णासाहेब भाषण ठोकायचे आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या. ऑफिसात त्यांचं शिपाईसुद्धा ऐकत नसे. वर्षभरात मान मिळायचा तो एवढाच.

यंदा ऐन संक्रांतीच्या तोंडावर पुण्याहून कादंबरीचा दुसरा भाग आला. अण्णासाहेबांनी अधाशासारखा उघडला. पहिल्याच प्रकरणात जानराव प्रेतांच्या ढिगातून उठून बसले आणि त्यांनी पाणी मागितलं!

अण्णासाहेबांना आनंदानं हुंदका आला. सरदार वाचले! पाठोपाठ घाम फुटला. मग भाषणाचं काय? "लेखकाला काही लाजलज्जा?" म्हणत त्यांनी पुस्तक गव्हाच्या डब्यात दडवलं. आता गव्हाच्या डब्यावर राज्य कुणाचं, हे त्या घाईत कुठलं सुचायला!

काला अंबला अण्णासाहेब उभे राहिले. आवाज भरून आला. "इथेच... इथेच आपले जानराव पडले..."

"अहो, पडले, पण उठले ना!" त्यांच्या पत्नीला, चंद्रप्रभाबाईंना, राहवलं नाही. "गव्हाच्या डब्यात सापडलं पुस्तक. आत्ताच बसमध्ये संपवलं!"

एकच गलका झाला!

"अच्छा? जिवंत?"

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही फुकट रडलो?"

"अण्णासाहेब, ही तर चीटिंग झाली, यार!" मंडळाचे सेक्रेटरी विश्वनाथ कडाडले.

अण्णासाहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. चंद्रप्रभाबाईंना दया आली. "पण शेवटच्या पानावर मरतात हो ते!"

अण्णासाहेबांच्या जिवात जीव आला. हात पुन्हा वर गेला. "ऐका, ऐका! कुठल्या लढाईत गं?"

"लढाई कसली? इकडेच राहिले, ऊस लावला, चार मुलं झाली. म्हातारपणी पेरू काढायला चढले नि झाडावरून पडले."

बायकांचे पदर डोळ्यांना लागले, पण हसून हसून!

"मग पुढच्या वर्षी बस कुठे न्यायची?" विश्वनाथांनी विचारलं. "इथे, की पेरूच्या बागेत?"

परतताना अण्णासाहेब खिडकीबाहेर बघत बसले होते. चंद्रप्रभाबाईंनी विचारलं, "पुस्तक कसं वाटलं पण?"

"भिकार!"

दिल्ली जवळ आली. मग हळूच अण्णासाहेबांचा हात पुढे आला.

"दे इकडे. मुलांची नावं काय ठेवली, तेवढं बघतो."